सहाव्या क्रमांकाचा अर्ज

९ फेब्रुवारी, सोमवार

आज ते आले. त्या मुलीचे वडील.

दीड वर्षात कधी समोरासमोर गाठ पडली नव्हती. पेपरातला फोटो तेवढा पाहिलेला — नदीकाठी उकिडवे बसलेले, खांद्यावर कुणाचं तरी जाकीट. आज इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. शिपाई दारातून म्हणाला, “बाई, देणगीवाले आलेत.” देणगीवाले म्हणजे उद्यानात कुणाच्या तरी नावाचं बाकडं बसवायचं असतं, तळ्याकडे तोंड करून. म्हटलं, पाठव.

बसले. पिशवी मांडीवर. “मला तो पूल पुन्हा बांधून द्यायचाय.”

“कुठला पूल?” — असं मी विचारलं! जीभ कशी झडली नाही माझी. अख्ख्या राष्ट्रीय उद्यानात दरीवरचा पूल एकच होता. तारांवर टांगलेला, फळ्यांचा.

“माझी मुलगी पडली तो,” ते म्हणाले. दुकानाचा पत्ता सांगावा तसं.

सरकारी भरपाई त्यांनी हात न लावता ठेवली आहे. तिच्या शिक्षणासाठी बाजूला काढलेले पैसेही आहेत. सगळे पुलाला. अट एकच — तिचं नाव कुठे घालायचं नाही.

एकवीस वर्षं या उद्यान निधीची सचिव आहे मी. नाव नको म्हणणारा हा पहिलाच माणूस.

जाताना दारात थांबले. “एक विचारू? इतकी कामं येत असतील तुमच्याकडे. आधी कुठलं करायचं, हे कोण ठरवतं?”

“समिती,” मी म्हटलं.

समिती!

१० फेब्रुवारी

घरी येताना लिफ्ट घेतली नाही. तिची तार कुरकुरते. ताई म्हणाली, “गुडघे माझे दुखतात आणि जिना तू चढतेस. हा कुठला न्याय?”

१२ फेब्रुवारी

इथे तरी लिहून टाकते. दुसरं कुणी वाचणार नाही.

दर फेब्रुवारीत अर्ज येतात. वनरक्षक, संशोधक, पक्षी मोजणारी कॉलेजची मुलं — प्रत्येकाला काहीतरी हवं असतं. तळ्यातला गाळ काढायचाय. कुरणात माजलेलं तण उपटायचंय. वणवा पुढे सरकू नये म्हणून राखलेले मोकळे पट्टे, जाळरेषा, साफ करायच्यात. लोकांनी दिलेल्या देणग्या आम्ही या कामांना वाटतो, आणि त्या कधीच पुरत नाहीत. मग एक यादी करावी लागते. यादी मी करते. समिती चहा पिते आणि सही करते. हे खरं.

पूल तुटला त्या वर्षी पैशांत पाच कामं बसत होती. सहावा क्रमांक मी दरीवरच्या चौकीच्या अर्जाला दिला. ‘पूल दुरुस्ती.’ तिथल्या वनरक्षकाने हाताने लिहिलेला, ओळी तिरक्या वर चढत गेलेल्या. सोबत एक पाकीट टाचलेलं. समासात मी लिहिलं — निकड दिसत नाही, पुढच्या वर्षी बघू. अक्षर माझं. शाई माझी.

पाकीट मी उघडलंच नव्हतं.

पाचव्या क्रमांकाला घुबडं होती. ढोलीची म्हातारी झाडं पडली, म्हणून लाकडी पेट्या टांगायच्या. मला घुबडं आवडतात! एवढंच कारण. खूप शोधलं, दुसरं सापडत नाही.

सप्टेंबरात, दुपारी साडेतीनला, पूल तुटला. मुलगी चौदा वर्षांची.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी ऑफिसात जाऊन पाकीट फोडलं. सहा फोटो. काँक्रिटमधून तार जिथे बाहेर येते, तिथले. गंजाने पोखरलेली. एका फोटोत वनरक्षकाने स्वतःचं बोट घातलंय तारेत — किती आत जातं ते दाखवायला. पेरभर आत गेलंय.

संध्याकाळी अध्यक्षसाहेबांचा फोन. “त्या पुलाचं आपल्याकडे कधी काही आलं होतं का हो? बहुधा नसावंच.” त्यांच्या त्या ‘नसावंच’वर मी अलगद जाऊन बसले. “नाही सर.” अर्ज आणि पाकीट डब्याच्या पिशवीतून घरी आणलं. कपाटात, चादरींच्या खाली.

चौकशीचा निष्कर्ष — पूल सुस्थितीत होता, पाण्याच्या लोंढ्याने पलीकडचा खांब खचला. निसर्गापुढे कुणाचं चालतं?

आठवड्याने तो वनरक्षक आला होता. दारात उभा. “बाई, माझा अर्ज…” नक्कल ठेवलेली नव्हती त्याने. “शोधते,” म्हटलं. महिन्याने पुन्हा आला. “सापडत नाही,” म्हटलं. माझ्याकडे बघत राहिला. मग “बरं” म्हणाला, टोपी घातली आणि गेला. परत आला नाही.

लिहून झालं. वाटलं होतं हलकं वाटेल. काही नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

समितीने देणगी स्वीकारली. टाळ्यासुद्धा वाजवल्या! अध्यक्षसाहेबांचा आवाज भरून आला — “दुःखातून केवढं मोठं काम उभं राहतंय.” मग चहा आल्यावर माझ्याजवळ सरकून, हळूच, “जुनं काही नाही ना कुठे?”

“नाही सर.”

“उत्तम.” बिस्कीट चहात बुडवलं. ते तुटून पडलं कपात. मी उठून बाहेर गेले.

२३ फेब्रुवारी, सोमवार

ते दर सोमवारी येणार आहेत. सोमवारी त्यांचं दुकान बंद असतं. चष्म्याचं दुकान आहे. शिपायाने त्यांचं नावच पाडलं — चष्मेवाले.

नकाशे बघता बघता मधेच म्हणाले, “चष्मा द्या बघू तुमचा.” डावी काडी वाकलेली होती. कधीपासून, देव जाणे. खिशातून छोटासा स्क्रूड्रायव्हर काढला, दोन बोटांत फ्रेम धरून डोळ्यांसमोर आडवी केली, जरा दाबली. पिवळ्या फडक्याने काचा पुसल्या.

“चष्मेवाल्याची मुलगी आणि चष्म्याचा कंटाळा! सारखा काढून ठेवायची. कुठे ठेवला ते पुन्हा मलाच विचारायची.” हसले. “त्या दिवशी मात्र लावला होता. मागून दोरी बांधून. मीच बांधलेली.”

चष्मा त्यांनी माझ्या कानांवर स्वतः बसवला. लहान मुलाला बसवतात तसा. मी मान खाली घातली ती ते जाईपर्यंत वर केली नाही.

२६ फेब्रुवारी

दुपारी साडेतीनच्या सुमाराला दारात कुणीतरी येऊन थांबतं. मी वाचत असते म्हणून बोलत नाही. माझं वाचून व्हायची वाट बघतं. मान वर करावी तर कुणी नसतं.

आज न बघताच म्हटलं, “ये ना आत.”

शिपाई आला. “बोलावलंत?”

“दार लाव.”

“लावलेलंच आहे, बाई.”

२ मार्च, सोमवार

असा दिवस पुन्हा नको.

चष्मेवाले म्हणाले, “या पुलावर आधी कधी काही काम झालं होतं का, ते बघायला मिळेल?” नाही कसं म्हणणार! तीन वर्षांच्या फायली काढून दिल्या. खिडकीपाशी बसले. एकेक पान बोटाखाली धरून वाचतात. दोन तास.

मग म्हणाले, “बाई, इथे पाचनंतर एकदम सात आहे.”

अर्जांच्या कोपऱ्यात लाल पेनाने मीच घातलेले क्रमांक. अर्ज काढला, आकडे राहिले. इतकी वर्षं कागदांत काढली आणि एवढी साधी गोष्ट सुचली नाही!

“कुणी मागे घेतला असेल,” मी म्हटलं. आवाज बरा आला.

“हो. असेल.” पान उलटलं. पुढे म्हणाले, “हे घुबडांचं काम मात्र छान केलंत तुम्ही.”

मी टेबलावरच्या फायलींच्या कडा जुळवू लागले.

“त्याच दिवशी सकाळी वाटेत एक पेटी दिसली होती आम्हाला. पिल्लू तोंड काढून बघत होतं. ती हलेचना तिथून. मीच ओढून नेली — चल, पूल बघायचाय ना.”

बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि उभी राहिले. किती वेळ कोण जाणे. शिपाई बाहेरून म्हणाला, “बाई, टाकी रिकामी होईल.”

३ मार्च

आजारी असल्याचं कळवलं. खोटं नाही.

११ मार्च

ताईला सापडलं.

जाड चादर शोधत होती. मी आले तर पलंगावर सहा फोटो ओळीने मांडलेले आणि मधे अर्ज. शाळेत पस्तीस वर्षं काढलेली बाई — कागद दिसला की आधी वाचायचा, मग विचारायचं.

“बारके, हे तुझं अक्षर.”

“हो.”

“आणि हा तोच पूल.”

“हो.”

मला वाटलं ओरडेल. लहानपणी ओरडायची तशी. तिने मात्र फोटो गोळा करून पाकिटात घातले. स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज. मग तिथूनच म्हणाली, “फाडून तरी टाक, नाहीतर देऊन तरी टाक. त्या चादरी आपण अंगावर घेतो.”

तिला कमी ऐकू येतं म्हणून ती सगळंच मोठ्याने बोलते. खालच्या मजल्यापर्यंत गेलं असेल.

१२ मार्च

फाडायला घेतलं होतं. बोट घातलेला फोटो पहिलाच हाती आला. ठेवून दिलं सगळं.

३० मार्च, सोमवार

काम सुरू झालं. कंत्राटदार बरा दिसतो. चष्मेवाले प्रत्येक गोष्ट दोनदा विचारतात — तार किती जाडीची, काँक्रिटमध्ये किती आत, गंज चढू नये म्हणून काय. कंत्राटदार मला बाजूला घेऊन म्हणाला, “या गृहस्थांना सांगा हो, पूल बांधतोय, दागिना नाही घडवत.”

मी म्हटलं, ते म्हणतील तसं करा.

अर्ज अजून कपाटातच. आता चादरींखाली नाही. वरच्या कप्प्यात. ताई रोज कपाटाकडे बघते आणि मग माझ्याकडे. बोलत नाही. ताई आणि बोलत नाही!

१३ एप्रिल, सोमवार

दरीवर जाऊन आले. चष्मेवाल्यांनी आग्रह केला. टाळता येण्यासारखं कारण उरलं नव्हतं.

चौकीपर्यंत जीप, पुढे अर्धा तास पायी. दोन्ही काठांवर नव्या खांबांचे खड्डे. जुन्या पुलाचं काही शिल्लक नाही, पलीकडे खडकातून वर आलेली एक वाकडी सळी सोडली तर. खाली पाणी फार नव्हतं. मला वाटलं होतं, खाली बघायचं धाडस होणार नाही. झालं. नुसते दगड आहेत.

मजूर जेवायला बसले. आम्ही दोघं एका ओंडक्यावर. ते समोर बघत होते. आणि एकदम सुरू झाले —

“मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही इतकं करताय पुलासाठी, म्हणून तुम्हाला सांगतो. ती मधे उभी होती. मी या टोकाला. मी पूल हलवला.”

मला कळलंच नाही आधी.

“मजा म्हणून हो. ती लहान असताना मी आणि तिची आई तिला चादरीत घालून झुलवायचो, चारी टोकं धरून. तसंच. ती हसली. ‘अजून, बाबा!’ म्हणाली. मी अजून हलवला. मग पलीकडून आवाज आला.”

हात गुडघ्यांवर ठेवलेले. हलत नव्हते.

“इंजिनिअरला विचारलं मी. दुसऱ्या कुणाचं म्हणून विचारलं — एका माणसाने हलवला तर असा पूल पडतो का? तो म्हणाला, पूल चांगला असेल तर दहा जण नाचले तरी पडणार नाही. आणि चौकशीत तर आलंय, पूल चांगला होता. मग? लोंढा म्हणतात, पण पाणी तर आदल्या दिवशीच ओसरलं होतं. मग काय राहिलं?”

मी ओंडक्याची साल नखाने सोलत राहिले.

“तिच्या आईला माहीत नाही. ती विचारत नाही, मी सांगत नाही. एका घरात दोन भाडेकरू असतात ना, तसे राहतो आम्ही. तुमच्या त्या फायली मी का वाचत होतो, सांगू? वाटत होतं, कुठेतरी एक ओळ सापडेल. पूल वाईट होता, असं म्हणणारी. एकच ओळ. नाही सापडली.”

मग उठले आणि मजुरांना तारेबद्दल काहीतरी विचारायला गेले.

तेवढ्यात वनरक्षक पाण्याची बाटली घेऊन आला. तोच. खूप वाळलाय. निवृत्तीला काही महिने उरलेत त्याच्या. बाटली माझ्या हातात दिली आणि दरीकडे बघतच म्हणाला, “अर्ज सापडला का, बाई?”

“हरवलाच नव्हता.”

“मलाही तसंच वाटायचं.” राग नव्हता आवाजात. तो असता तर बरं झालं असतं. “मी बोंब मारू शकलो असतो. पण पहिला प्रश्न मलाच आला असता — एवढं माहीत होतं तर पूल बंद का नाही केलास? दोन दोर आडवे बांधायचे होते. त्याला कुणाची मंजुरी लागत नव्हती.”

बाटली परत मागितली. दोन घोट पाणी स्वतः प्यायला.

येताना जीपमध्ये चष्मेवाले झोपले. डोकं माझ्या खांद्यावर आलं. दीड तास मी तशीच बसून होते.

१४ एप्रिल

आजवर मला वाटायचं, त्यांना कळू नये म्हणून मी ते दडवून ठेवलंय. त्यांना जी ओळ हवी आहे, ती माझ्या घरात आहे! दोन पानं, सहा फोटो.

१७ एप्रिल

न देण्याची कारणं: पुढच्या मार्चमध्ये निवृत्त होते आहे. ताईची औषधं. निधीचं नाव गेलं तर देणग्या थांबतील, मग तळी, कुरणं, सगळंच. वनरक्षकही अडकेल. सगळी कारणं खरी आहेत. एकेक तपासून बघितलं. खरीच आहेत.

दुपारी साडेतीन. दारात आहे. मी वर बघितलं नाही.

२१ एप्रिल

अध्यक्षसाहेबांकडे गेले. घरी. बागेतल्या खुर्चीत बसवलं, सरबत दिलं. सांगितलं, “सर, तो अर्ज आहे. माझ्याकडे आहे.”

बराच वेळ ते झाडाला पाणी घालत राहिले. मग म्हणाले, “कुठला अर्ज?”

“पुलाचा.”

“बाई, तुम्ही दमलात. महिनाभर सुट्टी घ्या. मी सही करतो.” पाइप खाली ठेवला. हात पुसले. अगदी प्रेमाने म्हणाले, “आणि त्यावर अक्षर कुणाचं आहे म्हणालात?”

मी म्हटलंच नव्हतं.

२७ एप्रिल, सोमवार

चष्मेवाल्यांचा चेहरा उतरलाय. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्यात, लागू पडत नाहीत. पण आज खुशीत होते. तारा चढल्या, फळ्या बसताहेत. पंधरा दिवसांत पूल तयार.

“एक विनंती आहे. पहिल्यांदा मी चालणार. एकटा. कुणी सोबत नको, फोटो नकोत.”

“बरं.”

“मधे जाऊन उभा राहीन. आणि हलवून बघेन. जोरात. त्या दिवशी हलवला तसा.”

मी पेनाचं टोपण लावलं.

“चांगला पूल माझ्या हलवण्याने पडतो की नाही, ते कळेल.”

“आणि नाही पडला तर?” विचारायला नको होतं.

“तर तो पूलही चांगला होता आणि तरी पडला, असं म्हणायचं. मग पाण्यानेच म्हणायचं. तेही कुठे पटतंय?” फडकं काढून चष्मा पुसू लागले. कितीतरी वेळ तीच काच. “आणि पडला तर बरंच आहे.”

पिशवी घेतली. नेहमीसारखं शिपायाला विचारलं — मुलाचा ताप उतरला का? — आणि गेले.

२८ एप्रिल

दिलं.

सकाळी कपाट उघडलं तेव्हा ताई मागे उभी होती. पिशवी तिनेच पुढे केली. डब्याची नको म्हणाली, दुसरी दिली. “मी येऊ का?” म्हटलं, नको. “मग लिफ्टने जा.” लिफ्टने गेले.

दुकान लहान आहे. भिंतीवर नुसत्या फ्रेमा, शेकडो, काचा नसलेल्या. आत अक्षरांचा तक्ता. गिऱ्हाईक नव्हतं. मला बघून उठले, “अरे, बाई! पुन्हा वाकली वाटतं काडी?” खुर्ची पुढे केली.

मी उभ्यानेच पाकीट काउंटरवर ठेवलं. घरून पाठ करून आलेलं एक वाक्य होतं. ते आलं नाही. “हा सहावा,” एवढंच म्हणाले.

त्यांनी आधी अर्ज वाचला. दोन्ही पानं. समासात पोचले तेव्हा कळलं मला, कारण बोट थांबलं. मग फोटो. घड्याळजी लावतात तसं भिंग डोळ्याला लावून एकेक फोटो पाहिला. बोटाच्या फोटोवर फार वेळ होते.

“हा कधीचा?”

“त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतला. सात महिने आधीचा.”

“म्हणजे मी… तेव्हा ही तार अशीच होती?”

“याहून वाईट असणार. मधे पावसाळा गेला.”

भिंग काढलं. डोळ्याभोवती गोल वण उठला होता. “हे अक्षर कुणाचं?”

“माझं.”

“आणि हा अर्ज इतके दिवस कुठे होता?”

“माझ्या घरी. कपाटात.”

“मी फायली वाचत होतो तेव्हाही?”

“हो.”

“दरीवर मी तुम्हाला सांगितलं, तेव्हाही?”

“तेव्हाही.”

मारतील असं वाटलं. त्यांनी मारावं असंही वाटलं. तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ आत आले, डोळे तपासायचे होते. चष्मेवाल्यांनी अर्ज, फोटो नीट एकावर एक जुळवून खणात ठेवले. गृहस्थांना खुर्चीत बसवलं. एक डोळा झाकायला दिला. “खालून दुसरी ओळ वाचा.” गृहस्थ वाचू लागले. चुकत होते. “सावकाश. घाई नाही,” चष्मेवाले म्हणाले.

माझ्याकडे पुन्हा बघितलं नाही. मी थोडा वेळ थांबले आणि बाहेर पडले.

२९ एप्रिल

काही नाही. फोन नाही. ऑफिसात गेले, आले. साडेतीन वाजून गेले ते कळलंही नाही.

३० एप्रिल

सकाळी सव्वानऊला फोन. बाईचा आवाज, कधी न ऐकलेला. “मी तिची आई.”

मी बसले.

“काल त्यांनी मला सगळं सांगितलं. पूल हलवल्याचं. तुमचे फोटो पुढे मांडून. मग झोपले. गोळी न घेता. आत्ता तुमचा अर्ज घेऊन पोलिसांकडे गेलेत. जाऊ का, असं मला विचारत होते. मीच म्हटलं, जा.”

“बरोबर केलंत.”

“तुम्ही घरीच असाल ना आज?”

“आहे,” म्हटलं. “थांबते.”